पोस्टरच्या कोपऱ्यातलं नाव

राणीसावरगावच्या हायस्कुलात बन्सीधर लटपटे एकवीस वर्षं चित्रकला शिकवत होता. त्याच्या तासाला कधी गणिताचे सर वर्ग मागून घ्यायचे, कधी इंग्रजीचे, आणि बन्सीधर ‘घ्या की’ म्हणून स्टाफरूममध्ये येऊन बसायचा. स्नेहसंमेलनाचा पडदा, पंधरा ऑगस्टची रांगोळी, कुणी साहेब येणार असला की फळ्यावरचं ‘सुस्वागतम्’, एवढ्यापुरती शाळेला त्याची आठवण व्हायची. हात चांगला होता. पण चांगला हात असलेला माणूस गावात ज्याला-त्याला हवा असतो आणि काम झालं की त्याचं नाव कुणी घेत नाही. हे त्याला सलायचं. किती सलायचं ते त्याचं त्यालाही ह्या पोस्टरच्या वेळेपर्यंत ठाऊक नव्हतं.

पोस्टरवरचे फोटो राणीनं काढलेले होते. सुग्रीव आणि सारजाबाई फड ह्या ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची ही थोरली लेक. आईबाप दिवाळी झाली की कोयते घेऊन कोल्हापूरकडं जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे. तेवढे महिने राणी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहायची आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा चित्रकलेच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची. बन्सीधरनं तिला रंगपेटी आणून दिली, एलिमेंटरीच्या परीक्षेला स्वतःच्या मोटारसायकलवर गंगाखेडला नेलं. पुढं पोरगी शिकली, धावण्याच्या चाचणीत पहिल्या दहांत आली, लेखी परीक्षा पास झाली आणि वनरक्षक म्हणून नोकरीला लागली. नेमणूक मिळाली ती थेट तिलारीच्या जंगलात. पोरगी कमवायला लागली तसा सारजाबाईनं कोयता खाली ठेवला.

गस्तीला गेली की राणी मोबाईलवर फोटो काढायची आणि चौकीवर परत येऊन, रेंज मिळेल तेव्हा, सरांना पाठवायची. फोटोबरोबर तिच्या आवाजातला निरोप असायचा. मागं पाण्याचा नाहीतर रातकिड्यांचा आवाज.

“सर, ही गारंबीची येल बघा. हिची शेंग हातात धरून बघितली मी, आपल्या कोयत्यापेक्षा लांब हाय. खरंच सांगायलेय.”

“सर, हा भेरली माड. न्हाऊन आलेल्या बाईनं केस मोकळे सोडावेत तसा फुलतोय.”

“ही सापकांद्याची फुलं. पह्यल्या दिवशी मी दचकूनच मागं सरले. फणाच काढलेला दिसतोय की न्हाई?”

एकदा तिनं चिखलात उभ्या असलेल्या रानजायफळाच्या झाडांचा फोटो पाठवला. ह्या झाडांची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. त्या निरोपात राणीचा आवाज हळू होता. “सर, ही मुळं बघून मला आईच आठवली. उसाच्या फडातून आली की पाचटाच्या कोपीसमोर अशीच गुडघे वर करून बसायची. बोलायची न्हाई कुणाशी. लय येळ.”

बन्सीधर हे निरोप पुन्हा पुन्हा ऐकायचा. खिडकीबाहेर माळ, माळावर बाभळी, आणि कानात ते ओलं रान. त्यानं स्वतः असलं जंगल कधी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर परभणीच्या एका निसर्गप्रेमी मंडळाचं पत्र आलं. शिक्षकांसाठी पोस्टर स्पर्धा. विषय होता, वर्षावनातल्या वनस्पती. निवडलेलं पोस्टर मंडळ छापून घेणार आणि जिल्ह्यातल्या एकशे बारा शाळांत लावणार होतं. मुख्याध्यापक व्यंकटरावांनी पत्र बन्सीधरच्या हातात दिलं आणि म्हणाले, “लटपटे सर, हे तुमचं काम.” एवढ्या वर्षांत ‘तुमचं काम’ हे शब्द कुणी असे उच्चारले नव्हते.

पंधरा दिवस तो शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत बसला. दोन बाय तीन फुटांचा कागद त्यानं आधी पेन्सिलीनं वहीत दहा वेळा आखला. जंगलात उजेड वरून खाली झिरपतो, तशीच मांडणी करायची असं त्यानं ठरवलं. सगळ्यात वर भेरली माडाचे लोंबते घोस, त्याखाली झाडाच्या फांदीवर वाढलेली आमरी आणि तिचे गुलाबी तुरे, मधे आडवी गारंबीची वेल, तिची शेंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्याखाली सापकांदा, नेच्याची मिटलेली कोवळी पानं, आणि तळाशी काळ्या चिखलातली ती मुळं. चौकटी त्यानं आखल्याच नाहीत. एका फोटोची सावली दुसऱ्यात मिसळत नेली, त्यामुळं पोस्टरकडं पाहताना जंगलात वरून खाली उतरत गेल्यासारखं वाटायचं. हिरवा रंग वरती पोपटी आणि खाली येता येता जवळजवळ काळा. हे सगळं त्याचं होतं, ह्यात वादच नाही.

मग फोटोंखालची वाक्यं लिहायची वेळ आली. त्यानं पुस्तकातून माहिती काढली, लिहून पाहिली. कोरडी वाटली. शेवटी त्यानं मोबाईल समोर ठेवला आणि राणीचे निरोप ऐकत ऐकत टाईप केलं. ‘कोयत्याहूनही लांब शेंग.’ ‘न्हाऊन केस मोकळे सोडलेल्या बाईसारखा माड.’ मुळांखाली त्यानं लिहिलं, ‘दिवसभर राबून आलेली बाई गुडघे वर करून मुकाट बसते, तशी ही मुळं.’ जरा भाषा नीट केली, बाकी जशीच्या तशी.

पोस्टर पाठवायच्या शेवटच्या दिवशी त्यानं स्पर्धेचा अर्ज नीट वाचला. छायाचित्रं स्पर्धकानं स्वतः काढलेली असावीत, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सहीची जागा होती. बन्सीधर बराच वेळ अर्ज धरून बसला. मग त्यानं राणीला फोन लावला. एरवी चौकीवर रेंज नसते. त्या दिवशी रिंग गेली. एकदा वाजली, दुसऱ्यांदा वाजली, आणि तिसरी वाजायच्या आत त्यानं फोन कापला. ती उचलणार, ‘पाठवा की सर’ म्हणणार हे त्याला पक्कं माहीत होतं. पण ती बोलली की मग तिचं नाव लिहावं लागलं असतं, आणि नाव लिहिलं की पोस्टर बाद.

त्यानं सही केली. पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, पांढऱ्या बारीक अक्षरांत टाकलं, ‘छायाचित्रे, शब्द व मांडणी : बन्सीधर लटपटे’. निवड थोडीच होणार आहे, असं स्वतःला सांगितलं. झालीच तर नंतर बघू.

निवड झाली.

परभणीला कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. बायको सविता माहेराहून, मानवतहून, भावाला घेऊन आली होती आणि पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर सगळं टिपत होती. मंडळाच्या अध्यक्षबाई भाषणात म्हणाल्या की मांडणी सुंदर आहेच, पण हे शब्द वाचून आम्ही सगळे थक्क झालो. कोयत्याची उपमा आपल्या मातीतल्या माणसालाच सुचू शकते. मग माईक बन्सीधरकडं सरकवून त्यांनी विचारलं, “सर, ह्या फोटोंसाठी तुम्ही जंगलात कधी गेला होतात?”

तिथंही वेळ गेलेली नव्हती. समोर दोनशे माणसं होती, पण वेळ गेलेली नव्हती.

“गेल्या पावसाळ्यात,” बन्सीधर म्हणाला. “आठ दिवस होतो.”

टाळ्या पडल्या. सवितानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, कारण गेल्या पावसाळ्यात तो एक दिवसही गावाबाहेर गेलेला नव्हता. मग तिनं मान खाली घातली आणि चित्रण चालू ठेवलं. परतीच्या एसटीत ती काही बोलली नाही. त्यानंही विषय काढला नाही. शाल मांडीवर घडी घालून ठेवली होती, गंगाखेड येईपर्यंत तो तिच्याच दशा चाचपत होता.

राणीला त्यानं सांगितलं होतं, तेही अर्धवट. पोस्टर निवडलं गेलं, तुझे फोटो घेतलेत, एवढंच. ती हरखून गेली. “सर, मला पाठवा ना बघायला!” त्यानं पोस्टरचा फोटो काढला, खालची पट्टी कापली आणि पाठवला. तिचा निरोप लगेच आला. “लय भारी सर! आमच्या साहेबांना दाखवलं. आईला सांगते, शाळेत जाऊन बघून ये म्हणून.”

आणि सारजाबाई आली. एका मंगळवारी, मधल्या सुट्टीनंतर. पोरं वर्गात गेली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, पायांतल्या चपला व्हरांड्याच्या पायरीखाली काढून ठेवलेल्या. पोस्टर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीवर लावलं होतं. तिथं बन्सीधर आणि ती, दोघंच.

तिनं पोस्टर वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं. “हे समदं माझ्या राणीनं काढलं?”

“हो,” बन्सीधर म्हणाला. तेवढं तरी खरं होतं.

“पोरगी ह्या असल्या रानात हिंडती व्हय एकलीच.” तिनं मुळांच्या फोटोपाशी वाकून बघितलं, पण ते काय आहे ते विचारलं नाही. मग म्हणाली, “सर, मला अक्षर येत न्हाई. हितं राणीचं नाव कुटं लिवलंय, तेवढं दावा.”

बन्सीधर पोस्टरकडंच बघत राहिला. तिला वाटलं, आपण बोललेलं त्याला कळलं नाही. तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. “माजं बोट ठिवा की त्याच्यावर. म्हंजी ध्यानात राहील.”

त्यानं तिचं बोट धरलं. ते लाकडासारखं टणक होतं आणि पेरावर कोयत्याच्या जुन्या जखमेचा वळ होता. त्यानं ते खाली आणलं, उजव्या कोपऱ्यात, आणि स्वतःच्या नावावर टेकवलं.

“हे?” ती म्हणाली.

“हे.”

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग ते बोट कपाळाला लावलं. जाताना तिनं एक पोस्टर मागितलं आणि त्यानं गुंडाळी करून, रबर लावून तिला दिलं. ती वळसा घालून फाटकाबाहेर गेली तोवर तो तिथंच उभा होता. तास त्याचा होता, आठवी ब. पोरं बाकं बडवत होती. तो गेला नाही. हातपाय धुवायच्या नळाजवळ गेला आणि उगाच हात धुतले.

त्या दिवसापासून त्यानं फडांच्या गल्लीतून जाणं सोडलं. बाजाराला जायला तो रस्ता जवळचा, तरी तो देवळामागून वळसा घालून जायचा. सविता विचारायची, “अहो, दूध आणायला एवढा येळ?” तो म्हणायचा, कुणीतरी भेटलं होतं. शाळेत पोस्टरसमोरून जाताना तो दुसऱ्या भिंतीकडं बघायचा. पोरांना कुंचला धरायला शिकवताना त्यांची बोटं धरावी लागायची. तेही त्याच्याकडून होईना. तो नुसतं तोंडानं सांगायचा.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण काय सांगणार? फोटो घेतले, शब्द घेतले, ते एकवेळ सांगता आलं असतं. तिचं बोट धरून खोटं नाव दाखवलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, ते त्याला कळत नव्हतं.

महिनाभरानं व्यंकटरावांनी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “लटपटे सर, काल सारजाबाईच्या घरावरून चाललो होतो. तिनं हाक मारून आत नेलं. चहा केला. भिंतीवरचं पोस्टर दाखवलं. ‘बघा हेडसर, हे माझ्या राणीचं नाव’ म्हणाली. बोट तुमच्या नावावर.”

बन्सीधरनं विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? चांगलं हाय म्हणालो.” त्यांनी पेपरवेट थांबवला. “जो येतो तो तसंच म्हणायलाय. दूधवाला, तलाठी, आशाताई. ती प्रत्येकाला दाखवती. सगळ्यांना वाचता येतं. कुणीच तिला सांगत नाही.”

“गावाला माहीत आहे म्हणजे.”

“महिना झाला,” व्यंकटराव म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही स्वतः येऊन बोलाल.”

बन्सीधर बाहेर आला. आजवर त्याला वाटत होतं की हे त्याच्या एकट्याच्या मनात आहे. आता एकेक गोष्ट उलगडायला लागली. आशाताईनं परवा नमस्कार केला नाही तो घाईमुळं नव्हे. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला तेव्हा चाललेलं बोलणं थांबलं होतं. सारं गाव त्या बाईचं मन राखायला गप्प बसलं होतं, आणि ह्याच्याकडं बघत होतं.

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ज्या गल्लीतून तो महिनाभर गेला नव्हता तिथं गेला.

सारजाबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. “या सर, या,” म्हणत तिनं सूप बाजूला ठेवलं आणि आतून सतरंजी आणली. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बाहेरच्या खोलीत, दार उघडल्याबरोबर समोर, पोस्टर लावलेलं होतं. वरून प्लास्टिकचा कागद चढवला होता, धूळ बसू नये म्हणून. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, बन्सीधरच्या नावावर, कुंकवाचं बोट उमटवलेलं होतं.

ते बघून तो बसलाच नाही. उभ्यानंच म्हणाला, “सारजाबाई, ते नाव राणीचं नाही.”

“कंचं?”

“मी दाखवलं ते. ते माझं नाव आहे. राणीचं नाव मी टाकलंच नाही. फोटो मी काढले म्हणून सांगितलं. सगळीकडं तसंच सांगितलं.”

तिला उलगडायला वेळ लागला. ती पोस्टरकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं, मग परत पोस्टरकडं. बन्सीधरला वाटत होतं, ती रडेल नाहीतर शिव्या देईल. दोन्हीसाठी त्यानं मन तयार केलं होतं.

“मंजी,” ती हळू म्हणाली, “तलाठी भाऊसायेब आले, त्यास्नी ठाव होतं?”

“हो.”

“हेडसरांना?”

त्यानं मान हलवली.

“समद्यांनाच. आन् मी येड्यावानी बोट ठिवून दावायलेय.” तिनं पदर तोंडाशी नेला. चेहरा लाल झाला होता. “गिरणीत दळायला गेले तर बायांना सांगितलं, या बघायला. आल्या बी. बघून गेल्या. मला एक बी बोलली न्हाई. काय म्हनल्या असतील घरी जाऊन?”

ह्याचा बन्सीधरनं विचारच केला नव्हता. आपली लाज आपण महिनाभर उराशी धरून हिंडलो, एवढंच त्याला दिसत होतं. ह्या बाईला आपण भर गावात, तिच्याच घरात, उघडं पाडलं हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

“मला माफ करा,” तो म्हणाला.

 ती भिंतीपाशी गेली, पोस्टरचे खिळे एकेक करून हातानं उपटले, प्लास्टिकसकट गुंडाळी केली आणि कोपऱ्यात उभी ठेवली. मग म्हणाली, “नाव टाकलं न्हाई तर न्हाई. तुमी सर हात, तुमी तिला शिकवलं. न्हाई टाकलं म्हनला असता तर मी घरी आले असते गप. पर माजं बोट कशाला धरलं?”

तो कोपऱ्यातल्या गुंडाळीकडं बघत राहिला.

“राणीला ठाव हाय?”

“नाही.”

“मग लावा फोन. हितंच लावा, माज्यासमोर. मी सांगनार न्हाई. तुमीच सांगा.”

त्यानं फोन लावला. मनात कुठंतरी वाटत होतं की रेंज नसावी. राणीनं दुसऱ्याच रिंगला उचलला. “बोला सर!”

तो बोलला. अर्ज, सही, कार्यक्रमात दिलेलं उत्तर, कापलेली पट्टी, आईचं बोट. एकही गोष्ट गाळली नाही, कारण सारजाबाई समोर उभी होती. पलीकडून फक्त पावसाचा आवाज येत होता.

“राणी? आहेस का?”

“ऐकायलेय सर.” ती म्हणाली, “तो फोटो खालून कापल्याला दिसला होता मला. मी म्हणलं, सरांकडून घाईत कापला गेला असंल.”

“मी चुकलो.”

“फोटोचं काही न्हाई सर. तुमी मागितले असते तर तुमच्या नावावर पण दिले असते. पण ती मुळांची गोष्ट...” ती म्हणाली. “ती मी कुणाला सांगितली नव्हती. आईला पण न्हाई. फक्त तुमाला.”

बन्सीधरनं डोळे मिटले. अध्यक्षबाईंनी ते वाक्य माईकवरून वाचून दाखवलं होतं. सभागृह कसं शांत झालं होतं ते त्याला आठवलं, आणि आपल्याला तेव्हा किती बरं वाटलं होतं तेही.

“आईकडं द्या फोन,” राणी म्हणाली.

सारजाबाई फोन घेऊन आत गेली. तो अंगणात उभा राहिला. आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं, ऐकायची त्याची हिंमतही नव्हती. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, फोन त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “जावा आता.”

त्याच संध्याकाळी त्यानं सविताला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला. “कार्यक्रमात तुम्ही आठ दिवस म्हणालात तवाच मला कळलं होतं,” ती म्हणाली. “मी वाट बघत होते. माहेरी समद्यांना व्हिडिओ दाखवून बसले होते ना मी. आता त्यांना काय सांगू, ते पण सांगा.” मग तव्यावरची भाकरी उलटली. जेवताना ती त्याच्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

बन्सीधरनं मंडळाला पत्र लिहिलं, प्रमाणपत्र परत पाठवलं. पत्र तीन ओळींचं करायचा त्यानं आधी प्रयत्न केला; मग ते फाडलं आणि सगळं लिहिलं. अध्यक्षबाईंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचा तो गोडवाही नव्हता. पोस्टरं सगळीकडं गेली, आता पुढच्या छपाईत दुरुस्ती करू, असं त्या म्हणाल्या. पुढची छपाई कधी, ह्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. बन्सीधरनं त्यांच्याकडून शाळांची यादी मागून घेतली.

गंगाखेडच्या छापखान्यात त्यानं चिकटपट्ट्या छापून घेतल्या. ‘छायाचित्रे व शब्द : राणी सुग्रीव फड, वनरक्षक.’ खाली दुसरी ओळ, ‘मांडणी : बन्सीधर लटपटे.’ छापायच्या आधी त्यानं राणीला विचारलं होतं, स्वतःचं नाव पूर्णच काढू का म्हणून. तिनं दोन दिवसांनी उत्तर दिलं. “मांडणी तुमची हाय तर तुमचं नाव ठेवा. जे ज्याचं ते त्याचं.” ह्या वेळी आवाजाचा निरोप नव्हता, नुसती टाईप केलेली अक्षरं होती.

लांबच्या शाळांना त्यानं पट्ट्या पोस्टानं पाठवल्या. गंगाखेड, पालम आणि पूर्णा ह्या तीन तालुक्यांतल्या शाळा त्यानं स्वतः करायच्या ठरवल्या. रजा टाकून, मोटारसायकलवर, कधी एसटीनं, कधी रेल्वेनं. प्रत्येक ठिकाणी तेच. मुख्याध्यापक खुर्ची द्यायचे, ‘अरे वा, पोस्टरवाले लटपटे सर’ म्हणायचे, कुणी चहा मागवायचे. मग त्याला सांगावं लागायचं. पहिल्या दोन शाळांत ‘छपाईत चूक झाली’ असं त्याच्या तोंडून निघून गेलं. पालमच्या रस्त्यावर त्यानं गाडी थांबवली, परत वळवली आणि त्या दोन्ही शाळांत पुन्हा जाऊन खरं सांगितलं. एका मुख्याध्यापकानं ऐकून घेतलं आणि आलेला चहा न बोलता त्याच्यापुढं सरकवला. दुसरे हसले. ते हसणं परतीच्या वाटेवर कितीतरी वेळ त्याच्याबरोबर होतं.

पुढं सांगायची सवय होईल, जीभ सरावेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. विसाव्या शाळेतही ‘हे फोटो माझे नाहीत’ म्हणताना कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

सारजाबाईसाठी त्यानं पट्टी लावलेलं पोस्टर नेलं. सुग्रीव ओट्यावर होता. त्यानं हात जोडले नाहीत, पोस्टरही घेतलं नाही. “ठिवा तिकडं,” म्हणाला. सारजाबाई आत होती, बाहेर आली नाही. ती आता गिरणीत जात नाही, दळण दुसऱ्या कुणाजवळ पाठवते, हे त्याला सविताकडून कळलं.

शेवटची शाळा चुडाव्याची. तिथल्या बाई तरुण होत्या, नुकत्याच लागलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं, पट्टी हातात घेऊन वाचली आणि म्हणाल्या, “सर, एवढ्यासाठी कशाला आलात? इतकं बारीक कोण वाचायलंय?”

“सगळे वाचतात, बाई,” बन्सीधर म्हणाला, आणि पट्टी नीट, हवा न राहू देता, दाबून चिकटवली.

गाडीला वेळ होता. चुडाव्याच्या स्टेशनात तो बाकावर बसला. फलाटावर एक म्हातारा भुईमुगाच्या शेंगा सोलत होता, दुसरं कुणी नव्हतं. मोबाईल वाजला. राणीचा फोटो होता, चार महिन्यांनी पहिला. ओल्या खडकावर वाढलेलं एक फूल, निळसर जांभळं, पाकळीवर पाण्याचा थेंब. आणि फोटोच्या बरोबर मधोमध, पाकळ्यांवरून आडवी, जाड पिवळी अक्षरं : राणी फड.

एरवी त्यानं तिला लगेच समजावलं असतं की अक्षरं कडेला घे, फूल झाकलं जातंय. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. ते नाव पाकळीपाकळीवरून वाचत गेला. ‘छान’ असा शब्द टाईप केला, पुसला. मग फुलाचं नाव काय, एवढंच विचारलं.

उत्तर गाडी येईपर्यंत आलं नाही. गाडी आली तसा तो उठला आणि डब्यात चढला.